गुबगुबीत गाल आणि रक्तातली चरबी

गेल्या वर्षी द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी उरकली आणि माणसांना थोडी उसंत मिळाली. त्या सुमारास विंचूरमधील माझ्या दवाखान्यात एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. तक्रार मुलाची नव्हती, आजींची होती. "डॉक्टर, ह्याची मान बघा बरं. लिंबू चोळलं, उटणं लावलं, दगडानं घासली, पण मळ काही निघत नाही."

मुलगा अकरा वर्षांचा. शर्टाची कॉलर वर ओढून, मान खाली घालून बसला होता. कॉलर बाजूला केली तर मानेच्या मागे काळसर, जाड, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा दिसला. तसाच काखेतही होता. घासून घासून कातडी सोलवटली होती.

"आजी, हा मळ नाही. घासून जाणारही नाही. हे आतलं दुखणं बाहेर दिसतंय," मी म्हणालो.

मुलाचे वजन ५८ किलो, उंची १४१ सेंटिमीटर आणि कमरेचा घेर ८६ सेंटिमीटर भरला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त तपासले. ट्रायग्लिसराईड २१२, 'चांगले' समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल अवघे ३४, उपाशीपोटीची साखर १०४. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली. वडिलांना मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. काकांना एकेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता आणि रातोरात नाशिकला न्यावे लागले होते. घराण्याचा हा वारसा अकरा वर्षांच्या पोराच्या रक्तात उतरू लागला होता, आणि घरातले सगळे मात्र 'पोरगं खात्यापित्या घरचं दिसतं' म्हणून समाधानात होते.

एक चूक, माझी स्वतःची

वाचकांपासून एक गोष्ट लपवायची नाही. दोन वर्षांपूर्वी, हा मुलगा नऊ वर्षांचा असताना, कुठल्याशा तपासणी शिबिरात घरातल्या सर्वांचे रक्त एकदम तपासले गेले होते. वडिलांनी तो कागद मला दाखविला होता. मुलाचे ट्रायग्लिसराईड १३८ होते आणि पुढे छापले होते, '१५० पेक्षा कमी असल्यास योग्य'. मीही वरवर नजर फिरवली, मुलाचा गालगुच्चा घेतला आणि "सगळं ठीक आहे" म्हणून कागद परत दिला.

छापलेली ती मर्यादा प्रौढांची होती. नऊ वर्षांपर्यंतच्या मुलाचे ट्रायग्लिसराईड १०० किंवा त्याहून वर गेले की ते जास्तच समजायचे. म्हणजे इशारा तेव्हाच मिळाला होता. दोन वर्षे माझ्या हातून गेली. तशीच ती दुसऱ्या कोणाच्या हातून जाऊ नयेत, म्हणून आजचा हा लेख.

रक्तात चरबी येते कशी?

चरबी शरीराला लागतेच. तिच्यावाचून पेशींची आवरणे बनत नाहीत, काही हार्मोन्स तयार होत नाहीत. पण तेल जसे पाण्यात विरघळत नाही, तशी चरबी रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर तिला प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून रक्तातून पाठवते. यकृतातून निघालेली चरबी वाहून नेता नेता मागे उरतात ते एलडीएलचे कण. ते जास्त झाले की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचतात. एचडीएलचे कण साचलेले कोलेस्टेरॉल उचलून पुन्हा यकृताकडे आणतात. ट्रायग्लिसराईड म्हणजे साठवणीची चरबी, उद्याच्या गरजेसाठी ठेवलेले इंधन.

लठ्ठ मुलात बिघाड होतो तो असा. आपल्या बाजार समितीच्या आवारात कांद्याची आवक एकदम वाढली की काय होते ते आठवा. लिलाव चालू असतात, हमाल राबत असतात, पण खळी भरलेली असतात आणि ट्रॅक्टरच्या रांगा रस्त्यावर येतात. शरीरात आलेली साखर पेशींत पोचवण्याचे काम इन्शुलिनचे. पेशी आधीच भरलेल्या असल्या की त्या इन्शुलिनला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते. तिकडे यकृत जादा साखरेची चरबी बनवते आणि रक्तात पाठवत राहते. परिणामी ट्रायग्लिसराईड वाढते, एचडीएल घटते, आणि एलडीएलचे कण बारीक व दाट होतात, जे भिंतीत अधिक सहज शिरतात. काही चरबी यकृतातच साचून राहते. मानेवरचा काळा पट्टा हा त्या वाढलेल्या इन्शुलिनचाच त्वचेवरचा परिणाम होय.

म्हणून ध्यानात ठेवायचे ते हे, की अशा मुलांच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसते. या मुलाचे ते १८८ होते, म्हणजे सीमेवरचे. केवळ तेवढाच आकडा पाहणारा फसतो.

लहानपणीच कशाला काळजी?

"हृदयविकार काय लहान पोरांना होतो?" असे वडिलांनी विचारले. झटका लहानपणी येत नाही हे खरे, पण त्याची पायाभरणी लहानपणी होते. अमेरिकेतील लुइझियाना राज्यात बोगालुसा नावाचे छोटे गाव आहे. तेथील मुलांची तपासणी १९७३ पासून डॉ. जेराल्ड बेरेन्सन यांनी सुरू केली. अपघातासारख्या कारणांनी दगावलेल्या तरुण व मुलांच्या रक्तवाहिन्या तपासून त्यांनी १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन ते पंधरा वर्षे वयाच्या सुमारे निम्म्या मुलांत हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीच्या रेघा आढळल्या. ज्यांचे वजन, रक्तदाब आणि रक्तातली चरबी जास्त, त्यांच्यात त्या अधिक पसरलेल्या होत्या.

समाधानाची गोष्ट अशी की सुरुवातीच्या या रेघा म्हणजे पक्का अडथळा नव्हे. वेळीच सवयी बदलल्या तर बिघाड रोखता येतो. चाळिशीपेक्षा अकराव्या वर्षी हे काम पुष्कळच सोपे आहे.

पुण्याच्या संशोधकांनी काय पाहिले

आजींना मी विचारले, "जन्मला तेव्हा वजन किती होतं याचं?" त्यांचे डोळे भरून आले. "दोन किलो शंभर ग्रॅम. उंदराच्या पिल्लागत होता. जगंल का नाही वाटायचं. मी दूध, तूप, खारीक, बदाम चारचारून वाढवला."

आपल्या महाराष्ट्रातले एक फार मोलाचे संशोधन येथे आठवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी सुमारे २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोची. आपली बाळे सर्वच मापांनी लहान, पण स्नायू जितके कमी तितकी चरबी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, पण अंगात चरबीचे प्रमाण जास्त.

याच रुग्णालयातील आणखी एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ वर्षांच्या ४७७ मुलांची तपासणी त्यात होती. सर्वांत वाईट स्थिती कोणाची निघाली? जी मुले जन्मतः कमी वजनाची होती आणि आठव्या वर्षी अंगाने चरबीदार झाली होती, त्यांची.

आजींनी नातवाला मायेने वाचवला, यात शंका नाही. अशक्त बाळाला सकस आहार हवाच. पण बाळ सावरल्यावर, त्याची उंची-वजनाची रेघ योग्य जागी आल्यावरही तूप-साखरेचा मारा थांबला नाही. तेव्हा थांबावे असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. यात आजींचा काय दोष?

किडकिडीत मुलांचे काय?

२००४ साली डॉ. याज्ञिकांनी लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत काढलेला एक फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. दोघांच्या उंची-वजनाचे गुणोत्तर नेमके सारखे, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! काट्यावरचा आकडा आपल्या लोकांच्या बाबतीत पुरेसा बोलत नाही, याचा हा जिवंत पुरावा.

मुलांबाबतही तेच दिसते. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ ते २०१८ या काळात देशभर केलेल्या पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांची अवघी ४ टक्के मुले जादा वजनाची आढळली. परंतु त्याच वयोगटात ट्रायग्लिसराईड वाढलेली मुले ३४ टक्के निघाली, आणि एचडीएल कमी असलेली २६ टक्के. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींत हेच आकडे १६ आणि २८ टक्के होते. म्हणजे ज्यांना आपण 'जाड' म्हणत नाही अशा कितीतरी मुलांच्या रक्तात चरबीचा तोल बिघडलेला आहे.

अहवाल कसा वाचावा?

पालकांनी पुढील मर्यादा कापून ठेवाव्यात. आकडे शंभर मिलिलिटर रक्तातील मिलिग्रॅमचे आहेत.

एकूण कोलेस्टेरॉल : १७० पेक्षा कमी योग्य, २०० व त्यावर जास्त.
एलडीएल : ११० पेक्षा कमी योग्य, १३० व त्यावर जास्त.
एचडीएल : ४५ पेक्षा जास्त योग्य, ४० पेक्षा खाली गेल्यास कमी.
ट्रायग्लिसराईड, नऊ वर्षांपर्यंत : ७५ पेक्षा कमी योग्य, १०० व त्यावर जास्त.
ट्रायग्लिसराईड, दहा ते एकोणीस वर्षे : ९० पेक्षा कमी योग्य, १३० व त्यावर जास्त.
एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून उरलेला आकडा : १२० पेक्षा कमी योग्य, १४५ व त्यावर जास्त.

मधले आकडे सीमेवरचे समजावेत. शेवटचा हिशेब कोणालाही घरी करता येतो. आमच्या या मुलाचे १८८ वजा ३४ म्हणजे १५४ आले, म्हणजे स्पष्टपणे जास्त. उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ मध्ये असेल तर मूल मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे असे समजावे.

एकाच तपासणीवरून घाबरून जाऊ नये. ताप किंवा मोठे आजारपण नुकतेच झाले असेल तर आकडे बदलतात, म्हणून काही आठवडे थांबावे. ट्रायग्लिसराईड पाहायचे तर रात्रीच्या जेवणानंतर नऊ ते बारा तास पोटात पाण्याखेरीज काही नको. आकडा जास्त आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासून मगच निष्कर्ष काढावा.

तपासणी कोणाची करावी?

लठ्ठ मूल, मानेवर काळा पट्टा असलेले मूल, आई-वडील, आजी-आजोबा किंवा काका-मामा यांच्यापैकी कोणाला कमी वयात हृदयविकार झालेला असेल ते मूल, यांची तपासणी जरूर करावी. उंची खुंटलेली आणि अंग मात्र सुटलेले असेल तर थायरॉईडचीही तपासणी हवी, कारण थायरॉईड मंदावल्यानेही कोलेस्टेरॉल वाढते. मूल बारीक असूनही एलडीएल १९० च्या पुढे असेल तर तो आनुवंशिक विकार असण्याची शंका घ्यावी. त्यात आहार पुरा पडत नाही, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध लागते. ट्रायग्लिसराईड ५०० च्या वर गेल्यास स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तेथेही विलंब करू नये.

रक्त न काढता घरी करण्याची एक चाचणी सांगतो. सहा वर्षांपुढील मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्या. ती मधोमध दुमडा. ही अर्धी सुतळी मुलाच्या कमरेभोवती पूर्ण फिरली पाहिजे. टोके जुळत नसतील तर पोटावर चरबी साचते आहे आणि मुलाला डॉक्टरांना दाखवणे भाग आहे.

आम्ही काय केले

या मुलाला एकही गोळी दिली नाही. 'डाएट' हा शब्दही उच्चारला नाही. वाढत्या वयात उपास घडवणे हा गुन्हाच. वजन झपाट्याने उतरवण्यापेक्षा ते आहे तेथे थोपवून उंची वाढू देणे, हे अशा वयात पुष्कळदा पुरेसे ठरते.

दिवसभरात तो काय खातो ते आधी लिहून काढायला सांगितले. सकाळी तीन चमचे साखरेचा चहा आणि खारी. शाळेच्या मधल्या सुट्टीत पाच रुपयांचे दोन पुडे. संध्याकाळी वडापाव, जोडीला थंड पेयाची बाटली. रात्री जेवताना मोबाईल. घरचे तूप बिचारे बदनाम होते, पण खरा घोटाळा साखर, मैदा आणि तळणाचा होता. २५० मिलिलिटरच्या कोला पेयात सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर असते. ट्रायग्लिसराईड वाढवण्यात साखर तुपाला हार जात नाही, हे पालकांना पटवणे सर्वांत अवघड गेले.

मग बदल केले ते साधेच. खारीऐवजी मटकीची उसळ किंवा पोहे, त्यात शेंगदाणे. डब्यात भाजी-भाकरी. घरी बाटली आणायची नाही, कोणासाठीच नाही. द्राक्षे खायची ती वाटीभर, चावून, रस काढून नव्हे. घरात बेदाणे बरणीभर असतात, तेही मूठ मूठ खायचे नाहीत. रविवारची मिसळ बंद केली नाही, फक्त तर्री कमी आणि पावाची जोडी एकच. तूप भाकरीवर चमचाभर, हे आजींचे मागणे मी मान्य केले.

मळ्यापासून शाळेपर्यंत वडील मोटारसायकलवरून सोडत असत. तो आता मळ्यातल्या रस्त्याने सायकलवर जातो. छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा हमरस्ता ओलांडताना मात्र वडील सोबत असतात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज किमान तासभर अंगमेहनतीची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या काळी विटीदांडी, लगोरीत तो तास कधी संपला हे कळतही नसे. रात्री नऊ वाजता मोबाईल आजींच्या उशाखाली जातो. कारण झोप कमी पडली तरी भूक आणि वजन वाढते.

सर्वांत महत्त्वाची अट मी घरच्यांना घातली होती. त्याला 'जाड्या' म्हणायचे नाही, पाहुण्यांसमोर त्याच्या ताटावर बोलायचे नाही. घरातल्या सगळ्यांनी तेच खायचे जे तो खाईल. मधुमेही वडिलांनाही त्याचा फायदाच झाला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कांदा-लसणाने कोलेस्टेरॉल उतरते का? कांद्याच्या गावात हा प्रश्न येणारच. कांदा-लसूण आहारात चांगलेच, पण त्यांच्या भरवशावर आजार सोडू नये. भजी करून खाल्लेला कांदा तर कांद्यात जमा नाही.

वनस्पती तूप चालते का? त्यातील ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि एचडीएल घटवते. खाद्यतेलांत व वनस्पतीत ते २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा नियम देशात २०२२ पासून लागू आहे. तरी तेच तेल पुन्हापुन्हा उकळून काढलेले तळण टाळलेलेच बरे.

गोळ्यांनी लवकर फरक पडणार नाही का? लहान मुलांना चरबीवरील औषध ठराविक आजारात, ठराविक वयानंतर आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच देतात. शेजाऱ्याची गोळी मुलाला देऊ नका.

आठ महिन्यांनंतर

मुलगा गेल्या महिन्यात पुन्हा आला. वजन ५७ किलो, म्हणजे फक्त एक किलोने कमी. पण उंची चार सेंटिमीटरने वाढली आणि कमर ८६ वरून ८० वर आली. ट्रायग्लिसराईड २१२ वरून १४१, एचडीएल ३९, साखर ९४. चमत्कार झालेला नाही. दोन्ही चरबीचे आकडे अजून हद्दीबाहेर आहेत आणि सुतळीही पुरती जुळत नाही. पण गाडी उताराला लागली आहे. मानेवरचा पट्टा फिका झालाय. शर्टाची कॉलर खाली होती, आणि या खेपेस मान वर करून तो माझ्याशी बोलला.

आजी सोबत होत्याच. निघताना त्यांनी कनवटीची सुतळी काढून दाखवली. "आता गल्लीतली सगळी पोरं मोजते मी. तिघांची टोकं जुळत नाहीत डॉक्टर. पाठवू का?"

मी म्हणालो, "आजी, आजच पाठवा."

ज्यांच्या घरात मुले आहेत, त्या वाचकांनी आज रात्री सुतळी शोधावी.